उकळा, झाका, ओतून घ्या

मथूताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पाण्याची जागा बघायच्या, मग माणसं. माठावर झाकण आहे का, पाणी काढायला ओगराळं आहे की पेलाच बुडवतात, शेजारी पोतेरं तर लोळत नाही ना, हे सगळं उंबरठा ओलांडेपर्यंत त्यांचं बघून झालेलं असे. मग "काय, बऱ्या आहात ना?" असं विचारत, आणि तेही माठाकडे बघतच. बायकांना राग यायचा. मला तर फारच आला होता.

मी लग्न होऊन पुण्याहून नुकतीच कलकत्त्याला आले होते. हे कस्टम्समध्ये होते, खिदिरपूरच्या गोदीवर. जवळच एका जुन्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला होता आणि खालच्या खोल्यांत मथूताई राहत. मराठी शेजार मिळाला म्हणून सासूबाईंनी पुण्यात देवापुढे साखर ठेवली होती. मथूताई आल्या, बसल्या, मी पाण्याचं भांडं पुढं केलं. त्यांनी ते हातात घेतलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बोटं बुडाली तुझी."

"आत्ताच हात धुतलेत मी," मी म्हटलं.

"धुतले असशील. मला काय माहीत?"

ते पाणी त्यांनी खिडकीतल्या तुळशीला घातलं. चहा मात्र चवीनं प्यायल्या, कारण तो उकळलेला होता. मी पुण्याची, त्यामुळे मला सगळं येतं असं माझं मत होतं, आणि पहिल्याच आठवड्यात कुणी माझ्या हातचं पाणी ओतून टाकावं हे मला सहन होणारं नव्हतं. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, खालच्या बाई चक्रम आहेत. हे म्हणाले, "इथल्या मराठी मंडळींना हे कळायला वर्ष लागलं. तू हुशार आहेस."

आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे ते एका गोष्टीसाठी. ती मी कुणाला सांगू नये असं त्यांनी मला बजावलं होतं, आणि मी ते इतकी वर्षं पाळलं. आता त्या नाहीत. ज्या बाईच्या कानावर ती जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त होता, तिला मराठी येत नव्हतं, आणि ती असलीच तर माझ्यासारखीच म्हातारी झाली असेल. तरी लिहिताना हात जड होतो, हे सांगून टाकते.

मथूताई बुटक्या, रुंद हाडांच्या. नखं मुळापर्यंत कापलेली, लुगड्याला फिनेलचा वास, पायांत पुरुषी वहाणा. जन्म कलकत्त्याचाच. वडील साताऱ्याकडून सोन्याचांदीच्या पेढीवर नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे मथूताईंचं मराठी आमच्यासारखंच असलं तरी मधूनच बंगाली वाटेनं जायचं. "पाणी खाऊन जा," म्हणायच्या. ट्राम पकडायच्या नाहीत, धरायच्या. मी हसले की म्हणायच्या, "तुला कळलं ना? मग झालं." लहान वयात विधवा झाल्या होत्या. त्याबद्दल त्या बोलत नसत आणि कुणी हळव्या सुरात विचारू लागलं तर उठून कामाला लागत. एका धर्मादाय मंडळानं त्यांना वस्त्यांमध्ये आरोग्याचा प्रचार करायला नेमलं होतं. ह्या कामात कशा पडलात असं विचारलं की "पगार मिळतो" एवढंच सांगायच्या.

त्यांना खोटं बोलता येत नसे. म्हणजे काही माणसांना जसं पोहता येत नाही तसं. आपल्या मंडळींच्या गणपतीत एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलीनं पद म्हटलं. तिची आई मोठ्या कौतुकानं मथूताईंना विचारायला आली, "कसं वाटलं?" मथूताई म्हणाल्या, "बेसूर होतं. पण शब्द स्पष्ट होते, शेवटच्या रांगेला ऐकू आले." त्या माऊलीनं पुन्हा त्यांच्याशी बोलणं केलं नाही. मी घरी येताना म्हटलं, "छान होतं म्हटलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं?" त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वर्षी पुन्हा म्हणाली असती ना ती."

त्यांच्या कामाची वस्ती गोदीच्या भिंतीला लागून होती. फाळणीनंतर पूर्वेकडून आलेली माणसं शहरात मावेनाशी झाली होती. जिथं पूर्वी एक कुटुंब राहायचं तिथं आता तीन राहत. मथूताईंच्या गल्लीत मात्र बहुतेक बिहारकडचे गोदीमजूर होते. कुडाच्या भिंती, वर कौलं, मधून उघडं गटार, आणि गटारावर टाकलेल्या फळीवर बसून जेवणारी पोरं. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा पदर नाकाला लावला. मथूताईंनी मागे वळून न बघताच सांगितलं, "पदर खाली घे. त्यांना रोज इथं राहायचंय."

कलकत्त्यात तेव्हा पाणी दोन तऱ्हेचं असे, हे त्या शहराची माहिती नसलेल्याला सांगायला हवं. एक पिण्याचं, गाळून शुद्ध केलेलं. ते गल्लीच्या तोंडाशी एका नळाला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ करंगळीएवढं यायचं आणि त्यावरून बायकांच्या झिंज्या धरून मारामाऱ्या व्हायच्या. दुसरं रस्ते धुवायला आणि गटारं वाहती ठेवायला नदीतून तसंच उचललेलं. ते रस्त्याकडेच्या जाड नळातून दिवसभर भळाभळा वाहायचं, गढूळ, मातकट. आंघोळी, कपडे, भांडी सगळं त्यावर चालायचं. पण ते पाणी हुगळीचं, म्हणजे गंगेचं, आणि लोक त्याला गंगाजलच म्हणत. वरच्या गावोगावची घाण त्यात येत होती. पण गंगेला घाण लागते हे कुणी कुणाला सांगायचं? आपण काशीहून तिचा गडू सीलबंद करून आणतो आणि देवघरात ठेवतो. इथं ती दारात वाहत होती.

मथूताईंनी सगळ्या आरोग्यशास्त्राचे तीन शब्द करून ठेवले होते. "उबालो, ढाँको, ढालो." पाणी उकळा, झाकून ठेवा, आणि पेला न बुडवता ओतून घ्या. जंतू, संसर्ग, प्रतिबंध असले शब्द त्यांनी वस्तीत कधी काढले नाहीत. गल्लीतली पोरं ते तीन शब्द ओरडत लंगडी घालायची. मथूताईंना बघून एक पोर "उबालो" ओरडायचं आणि बाकीची उरलेले दोन. त्या तोंड वाकडं करून म्हणायच्या, "ओरडतायत. पितात मात्र नळाला तोंड लावून."

मंडळाच्या सेक्रेटरीबाबूंनी एकदा मोठ्या हौसेनं रंगीत चित्रं छापून आणली. चित्रात एक गोरीपान बाई, पांढऱ्याशुभ्र फरश्यांच्या स्वयंपाकघरात, चकचकीत तोटीखाली गुटगुटीत मुलाचे हात धूत होती. मथूताईंनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ही कोण? हिला पटकी कशाला होईल?" बाबू रागावले. मथूताईंनी तो सगळा गठ्ठा वस्तीत नेला आणि घरोघर माठावर झाकायला वाटून टाकला. जाड कागद होता, माश्या जात नव्हत्या. पुढं बाबू पाहणीला आले तेव्हा प्रत्येक घरात त्यांची ती गोरीपान बाई माठावर उताणी पडलेली होती, आणि बाबूंना ते प्रगतीचं लक्षण वाटलं.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचायची तर हात सुजतो, ताप येतो, आणि गोदीवरच्या मजुराला ताप म्हणजे त्या दिवसाची चूल बंद. म्हणून माणसं टोचणारा डॉक्टर दिसला की पळून जायची. डॉक्टर म्हणत, अडाणी आहेत. मथूताई म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी या, म्हणजे ताप रविवारी येईल. डॉक्टरांच्या शनिवारच्या संध्याकाळी ठरलेल्या असत, त्यामुळे त्यावरून बरीच वादावादी झाली, पण शेवटी ते आले. उकळायला कोळसा लागे, तो बायका गोदीतल्या मालगाडीच्या वाघिणींखालून सांडलेला वेचून आणत आणि पहारेकऱ्याचा मार खात. मथूताई त्या पहारेकऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "ह्यांना पटकी झाली की ती तुझ्या घरापर्यंत चालत येईल. तुला किती मुलं आहेत?" एवढंच विचारलं. तेव्हापासून तो दुसरीकडे बघू लागला.

ह्या गल्लीत सगळ्यांत आधी पाणी उकळलं ते फूलमतीनं. फूलमती छपरा जिल्ह्यातली, विशीतली, नवरा गोदीवर पोती वाहणारा. दोन मुलं जन्मून गेलेली, तिसरी मुनिया. मुनिया चार-एक वर्षांची, काळी, तुरतुरीत, सदा मथूताईंच्या वहाणा घालून फिरणारी. गल्ली फूलमतीला हसली. आगीवर पाणी चढवायला तुझं पोट दुखतंय का, असं बायका विचारायच्या. फूलमती उकळत राहिली, आणि मुनिया पावसाळ्यातून आणि त्यानंतरच्या हिवाळ्यातूनही धडधाकट निघाली. मग मथूताई बाकीच्या बायकांना हाताला धरून फूलमतीच्या दारात आणू लागल्या. "हिला विचारा," म्हणायच्या. फूलमती पदर सावरून, शाळेत पहिली आल्यासारखी, सगळं दाखवायची. हळूहळू अर्धी गल्ली उकळू लागली. मथूताई कधी खूश दिसत नसत, पण त्या दिवसांत जिना चढताना गुणगुणायच्या. तेही बेसूरच असायचं.

चैत्र सरता सरता पटकी आली. ती दरसाल यायचीच. वस्तीत पटकीची देवी ओलाबीबी, तिच्या ओट्यावर गूळ-बत्तासे चढू लागले, रात्रंदिवस ढोल वाजू लागले, आणि मथूताई पहाटे जायच्या त्या अंधार पडल्यावर परत यायच्या. एक दिवस सकाळीच फूलमतीचा नवरा आमच्या दाराशी धावत आला. मुनियाला पहाटेपासून जुलाब-उलट्या होत होत्या.

मथूताईंनी तिला उचललं आणि हातरिक्षात घालून इस्पितळात नेलं. मी मागच्या रिक्षात फूलमतीला घेऊन होते. इस्पितळाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध भोक पाडलेल्या खाटा, खाली बादल्या, आणि तो आंबूस वास. मुनियाचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी धुणं धुणाऱ्या बाईसारखी सुरकुतली होती. खारं पाणी चढवायला शीर सापडेना. सापडली तेव्हा उशीर झाला होता. दुपार कलायच्या आत मुनिया गेली. फूलमती रडली नाही. मथूताईंच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "हम तो उबालते थे, दीदी." पुन्हा म्हणाली. घरी येईपर्यंत ती तेवढंच म्हणत होती.

गल्लीनं निकाल लावायला वेळ घेतला नाही. गंगामैयाला चुलीवर चढवली, तिनं पोर घेतलं. जे उकळत नव्हते त्यांची पोरं दारात खेळत होती, हे सगळ्यांना दिसतच होतं. घरोघरच्या चुलींवरून पाण्याची पातेली उतरली. शनिवारी डॉक्टर आले तर टोचून घ्यायला कुणी पुढं झालं नाही. मग फूलमतीच्या शेजारच्या घरातला म्हातारा गेला, त्याच्यामागून पलीकडचं एक तान्हं. उन्हाळा अजून पुढं सगळा पडला होता.

मथूताई जेवायला बसायच्या आणि तशाच उठायच्या. "तिनं बाहेर काहीतरी खाल्लं असेल," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण फूलमती तिला बाहेरचं देत नाही." त्यांना चैन पडत नव्हतं. मुनियाचा शोक होताच, पण आपल्या तीन शब्दांत कुठंतरी भोक आहे आणि ते सापडत नाही, ही टोचणी त्याहून मोठी होती. ते सापडेपर्यंत गल्ली मरत राहणार, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

काही दिवसांनी आम्ही दोघी फूलमतीकडे गेलो. मी जुनी लुगडी नेली होती. गल्लीतल्या बायकांनी आम्हाला बघून तोंडं फिरवली, पण फूलमतीनं बसायला पाट दिला. सगळ्या गल्लीत तिची एकटीची चूल अजून पाणी उकळत होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही. बहुधा ते थांबवलं असतं तर मुनिया उगाच गेली असं झालं असतं. ती बोलत होती आणि हात आपले रोजचं काम करत होते. काल रात्री उकळलेलं पाणी माठात गार झालेलं होतं. तिनं झाकण उचललं. मग कोनाड्यातून पितळी लोटी घेतली, आणि त्यातलं पाणी ओंजळीत घेऊन, डोळे मिटून, माठात सोडलं. पुन्हा झाकण ठेवलं, आणि मथूताईंसाठी ओतून पेला पुढं केला.

"ते काय घातलंस?" मथूताईंनी हिंदीत विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"गंगाजल," फूलमती म्हणाली. नळाचं पाणी चामड्याच्या वायसरमधून येतं, म्हणजे बाटलेलंच, त्यात ते आगीवर चढलेलं. शुद्ध करायला नको का? रस्त्याकडेच्या जाड नळाची लोटी ती रोज पहाटे आंघोळ करून भरून आणायची. "आपने जो जो कहा, सब किया, दीदी. ऊपर से गंगाजल भी डाला. फिर भी चली गई."

मथूताईंनी पेला हातात धरून ठेवला. प्यायल्या नाहीत आणि ओतलाही नाही. जरा वेळानं तो हलकेच जमिनीवर ठेवला आणि फूलमतीच्या पाठीवर हात फिरवला. मी त्यांना कुणाच्या पाठीवर हात फिरवताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग आम्ही उठलो. बाहेर आल्यावर त्या पूर्वी पाणी उकळणाऱ्या घरोघरी गेल्या, सगळ्या ठिकाणी त्यांनी एकच विचारलं, आणि सगळीकडून एकच उत्तर आलं. अर्थातच घालत होतो. सगळेच घालत होते. एवढी साधी गोष्ट, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी त्या आमच्याकडे वर आल्या. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग प्रश्न सुटला. गल्लीला बोलावून सांगा. इतकं सरळ कारण आहे."

"काय सांगू?" मथूताई म्हणाल्या. "तुझ्या हातानं तू पोरीला विष घातलंस, असं?"

"अहो, तसं नाही. पण बाकीची मुलं..."

"बाकीची मुलं आहेतच. म्हणून तर सांगायलाच हवं. आणि सांगितलं की ती विहीर जवळ करील. मी तिला ओळखते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "कुसुम, माझी आई गेली तेव्हा तिच्या तोंडात मीच घातलं गंगाजल. इथलंच. माझ्या हाताला ते आलं तसं फूलमतीच्या हाताला येईल, हे मला सुचायला नको होतं? मी पाणी माठात जाईपर्यंत बघितलं. पुढं नाही बघितलं."

मी म्हटलं, "तुमचा काय दोष? तुम्ही थोडंच घालायला सांगितलं होतं?"

त्या उठल्या. खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. गोदीतल्या बोटीचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. मग "चला, उद्या रविवार," म्हणून खाली गेल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे तेव्हा मला कळलं असतं तर मी त्यांना अडवलं असतं की नाही, सांगता येत नाही.

रविवारी दुपारी गोदीला सुट्टी. गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत माणसं जमली, कारण मथूताई घरोघर जाऊन बोलावून आल्या होत्या. फूलमतीही आली होती, नवऱ्याच्या मागे, डोक्यावरून पदर घेऊन. मथूताई दोन विटांवर उभ्या राहिल्या, नाहीतर त्या कुणाला दिसल्या नसत्या. त्यांनी हिंदीत सांगितलं, की मुनिया उकळलेल्या पाण्यानं गेली नाही. उकळलेल्या पाण्यात वरून कच्चं गंगाजल पडलं, त्यानं गेली. रस्त्याकडेच्या नळातून जे येतं त्यात पटकी असते. ते पूजेला वापरा. प्यायच्या पाण्यात थेंबभरही नको, आणि घालायचंच असेल तर तेही उकळून.

कुजबुज झाली. मुकादम म्हणून वस्तीत मान असलेला एक माणूस पुढं आला. त्यानं विचारलं, "डाला किसने?"

सगळ्यांच्या माना फूलमतीकडे वळल्या. तिच्या तोंडावरचा रंग उडताना मी पाहिला. तिला हिशेब लागत होता; आणखी क्षणभरात तो पुरा लागला असता.

"फूलमतीने डाला," मथूताई म्हणाल्या, "क्योंकि मैंने कहा था. मैंने ही उससे कहा, थोड़ा गंगाजल डाल दिया कर. इसने तो मेरी बात मानी. गलती मेरी है."

ज्या बाईला एका मुलीचं बेसूर गाणं छान म्हणवलं नव्हतं, ती भरदुपारी शंभर माणसांसमोर खोटं बोलत होती आणि तिचा आवाज कापत नव्हता. फूलमतीनं पदर मागे सारला. मथूताईंकडे बघत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, नाही, दीदीनं असं कधी सांगितलं नव्हतं. तिचे ओठ हललेही. मग ती म्हणाली, "हाँ." आणि मग मोठ्यानं, "हाँ, इसीने कहा था. इसीने मारा मेरी मुनिया को." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. बायकांनी तिला सावरलं.

कुणीतरी चिखलाचा गोळा मारला. तो मथूताईंच्या खांद्याला लागला. त्या विटांवरून उतरल्या, मला "चल" म्हणाल्या, आणि आम्ही रस्त्याला लागलो. मागून शिव्या येत होत्या. घरी आल्यावर त्यांनी खांदा धुतला, लुगडं बदललं आणि मला समोर बसवून म्हणाल्या, "हे तुझ्या तोंडून बाहेर जाता कामा नये. तुझ्या नवऱ्यालाही बजाव. फिरत फिरत तिच्या कानावर जाईल."

त्या दिवसापासून गल्लीनं प्यायच्या पाण्यात गंगाजल घालणं सोडलं, आणि पुन्हा पाणी उकळायला घेतलं. मथूताईंचं ऐकलं म्हणून नव्हे. त्या बाईनं गंगाजल घालायला सांगितलं होतं, म्हणून ते घालायचं नाही, एवढं त्यांना पुरलं. पुढचा सगळा उन्हाळा ढोल वाजत राहिले, पण त्या गल्लीतून फारसं कुणी गेलं नाही. शेजारच्या गल्ल्यांचं तसं नव्हतं. तिथंही तेच चाललं होतं आणि तिथं जाऊन सांगायला मथूताई हव्या होत्या. पण पोर मारणारी दीदी म्हणून त्यांना कुणी पाऊल टाकू देईना. आमच्या खिडकीखालून तिरड्या जात होत्या आणि मथूताई प्रत्येक वेळी दार उघडून बाहेर बघत, मोठी आहे की लहान.

सेक्रेटरीबाबूंनी त्यांना बोलावून घेतलं. गटाराचं पाणी प्या म्हणून सांगणारी बाई मंडळाला नको होती. मथूताईंनी खुलासा केला नाही. आपल्या मराठी मंडळींत बातमी पोचायला वेळ लागला नाही. हळदीकुंकवाला बायका त्यांच्यापासून जरा सरकून बसू लागल्या आणि ती पदवाल्या मुलीची आई म्हणाली, दुसऱ्यांची बोटं बघत फिरणाऱ्या बाईचं हे असंच व्हायचं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. मथूताईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी हळदीकुंकू न घेताच उठून आले, त्याबद्दल त्यांनी मला रागे भरलं.

मग त्यांनी एका प्रसूतिगृहात कपड्यांच्या कोठीवर नोकरी धरली. माणसांशी संबंध नाही, चादरी उकळायच्या आणि मोजून द्यायच्या. गुणगुणणं बंद झालं. एकदा न राहवून मी म्हटलं, "आता वर्ष झालं. तिला हळूच सांगितलं तर समजून घेईल ती." मथूताई चादरीची घडी घालत होत्या. म्हणाल्या, "तिचा माझ्यावर राग आहे ना, त्या जोरावर ती सकाळी उठते, चूल पेटवते. तो काढून घेतलास तर ती कशावर उठेल?" तिला खरं कधीच ठाऊक नव्हतं, की ठाऊक होतं आणि तिनं ते त्या एका "हाँ"खाली कायमचं गाडून टाकलं, हे मला आजही सांगता येत नाही. मथूताईंना विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढं ह्यांची मद्रासला बदली झाली. निघायच्या आदल्या सकाळी मथूताई माझ्याबरोबर बाजारात आल्या. प्रवासासाठी फिरकीचा तांब्या घ्यायचा होता आणि तो त्यांनी स्वतः पारखून घेतला, झाकण नीट बसतं की नाही हे चार-चारदा बघून. परत येताना रस्त्याच्या कडेनं आम्ही चाललो होतो, तर समोरून फूलमती आली. कडेवर मूल होतं, सात-आठ महिन्यांचं, मुलगा. अंगानं ती भरली होती. वाट अरुंद, एका बाजूला गोदीची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता आणि बैलगाड्या. आम्ही तिघी थांबलो.

ऊन आमच्या पाठीवर होतं. मथूताईंची सावली पुढं जाऊन फूलमतीच्या पायांशी पडली होती. फूलमती त्यांच्याकडे बघत नव्हती. मूल दुसऱ्या कडेवर घेत ती मला म्हणाली, "इनसे कहिए, हमारे बच्चे पर छाया न डालें."

मी तोंड उघडलं. मथूताईंनी माझा दंड दाबला. मग त्या वाटेवरून खाली उतरल्या, गटार ओलांडून रस्त्यात गेल्या, गाड्यांच्या वाटेत, आणि आपली सावली कुठं पडतेय ते बघत बघत आणखी थोड्या मागे सरकल्या. एक गाडीवान त्यांच्यावर ओरडला. फूलमती भिंतीच्या कडेनं पुढं निघून गेली. पोर तिच्या खांद्यावरून मागे बघत होतं, मूठ तोंडात घालून.

ती वळणापलीकडे जाईपर्यंत मथूताई रस्त्यातच उभ्या होत्या. मग वर आल्या, पाय झटकले आणि मला म्हणाल्या, "बाळसं छान धरलंय."